ज्वारीचा विमा, पाच लाखांचं कार्ड आणि आपलं चंचल लेकरू

शेतातून आल्या असाल, चूल पेटवली असेल, तर काम करता करताच ऐका. आज आम्ही थोडा इतिहास सांगणार आहोत. पण तो राजांचा नाही, लढायांचा नाही. आपल्याच वर्धा जिल्ह्यातला, विम्याचा इतिहास आहे. आणि तो सांगायची वेळ आमच्यावर एका बैठकीत आली.

देवळी तालुक्यातल्या एका गावात गटाची मासिक बैठक होती. बचत गोळा झाली, कर्जाच्या परतफेडीचं बोलणं सुरू झालं. आमच्या एका सदस्य ताईंचे दोन हप्ते थकले होते. त्या गप्पच होत्या. मग एकदम म्हणाल्या, "ताई, तुम्ही तर सांगितलं होतं, कार्ड काढा, पाच लाखांपर्यंत फुकट. मग माझ्या पोराचं का नाही झालं?"

त्यांचा मुलगा नऊ वर्षांचा. वर्गात एका जागी बसत नाही. पाटी अर्धी लिहून सोडतो. वही हरवतो, दप्तर विसरतो, रांगेत दुसऱ्यांना ढकलतो. गुरुजींच्या तक्रारी, शेजारणीच्या तक्रारी, आणि घरात सासूबाईंचं एकच पालुपद, "आईनं लाडावून ठेवलं." ताईंनी गटातून कर्ज उचललं आणि मुलाला वर्ध्याला नेलं. डॉक्टरांनी दोन-तीन वेळा बोलावून, घरची आणि शाळेची माहिती घेऊन सांगितलं, की याला एडीएचडी आहे. म्हणजे लक्ष टिकत नाही आणि अंगात चंचलपणा फार, असा मेंदूच्या वाढीशी जोडलेला त्रास. दर महिन्याला यावं लागेल, आईवडिलांना काही गोष्टी शिकाव्या लागतील, कदाचित औषध लागेल. ताईंनी कार्ड पुढं केलं. तिथल्या आरोग्यमित्रानं नीट समजावून सांगितलं, की कार्ड दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. तुमचा मुलगा दाखल नाही, तो ओपीडीत आहे.

आरोग्यमित्राचं काही चुकलं नव्हतं. चुकलं आमचं होतं. कार्ड काढायची मोहीम आम्हीच गावोगाव राबवली होती. 'पाच लाखांपर्यंत फुकट' एवढंच सांगितलं, 'कशासाठी' हे सांगितलंच नाही. त्या दिवशी आम्ही ताईंना उत्तर देऊ शकलो नाही. मग आम्ही विचारत, वाचत गेलो, आणि पोचलो थेट सेवाग्रामला, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या ज्वारीच्या राशीपाशी.

३० एप्रिल १९३६ ला गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला आले. पुढे त्याच गावाचं नाव सेवाग्राम झालं. तिथं डॉ. सुशीला नायर या तरुण डॉक्टर बाईंनी आश्रमातल्या आणि आसपासच्या गावांतल्या लोकांवर उपचार सुरू केले. २२ फेब्रुवारी १९४४ ला पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, कैदेत असताना कस्तुरबा गेल्या. त्यांच्या आठवणीत सेवाग्रामला बाया आणि लेकरांसाठी पंधरा खाटांचा लहानसा दवाखाना उभा राहिला. तोच आजचा कस्तुरबा दवाखाना. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, त्याला जोडून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. खेड्यात उभं राहिलेलं हे देशातलं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय. इथल्या विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच गावात जाऊन राहावं लागतं, घराघराची ओळख करून घ्यावी लागते.

सत्तरीचं दशक संपता संपता तिथले डॉ. उल्हास जाजू आणि त्यांचे सहकारी आसपासच्या गावांत जाऊ लागले. त्यांच्यापुढं एक प्रश्न होता. गावातला माणूस दवाखान्यात येतो तेव्हा त्याच्या हातात पैसा नसतो. आजार काही पीक निघायची वाट पाहत नाही. पण पीक निघतं तेव्हा प्रत्येकाच्या घरात थोडंफार धान्य येतंच. मग वर्गणी तेव्हाच का घेऊ नये? आणि ज्याच्या घरात पैसा नाही, ज्वारी आहे, त्याच्याकडून ज्वारीच का घेऊ नये?

असा सुरू झाला ज्वारीचा विमा. हंगाम झाला की गावात ज्वारी गोळा व्हायची. ज्याची शेती जास्त त्यानं जास्त द्यायची, भूमिहीन मजुरानं थोडी द्यायची. पण द्यायची सगळ्यांनी. गावातली निदान पाऊण घरं आली, तरच ते गाव विम्यात घ्यायचं, असा नियम होता. त्यामागचा विचार आपल्या गटासारखाच आहे. चार आजारी माणसांनीच वर्गणी भरली तर पेटी लगेच रिकामी होते. धडधाकट माणसंही आली तर ती टिकते. आज तुझ्या घरी आजारपण, उद्या माझ्या. विमा म्हणजे एवढंच.

आता त्या पेटीतून खर्च कशावर व्हायचा, ते नीट ऐका. आजच्या बोलण्याचा गाभा तिथंच आहे. ज्वारी विकून आलेला पैसा आधी गावातच वापरला जायचा. गावच्या आरोग्य सेवकाचं मानधन, त्याच्याजवळची औषधं, अशा कामांसाठी. म्हणजे ताप, खोकला, जुलाब, लेकराचं लसीकरण, गरोदर बाईची तपासणी हे सगळं गावात. त्यानंतर दवाखाना. अचानक आलेल्या आजारासाठी दाखल व्हावं लागलं, तर विमेदाराला पैसे लागायचे नाहीत. ज्याची आधी कल्पना असते, जसं मोतीबिंदू, हर्निया, साधं बाळंतपण, त्यासाठी बिलाचा चौथा हिस्सा भरायचा. दवाखान्याचा मोठा खर्च ज्वारीतून भागत नव्हता, तो दवाखान्यानं सोसला. हेही आपण प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे, नाहीतर कुणाला वाटेल की चार पायल्या ज्वारीत ऑपरेशन होतं.

पुढे आपल्या शिवारातली ज्वारी कमी झाली, सोयाबीन आलं, वर्गणीही पैशात आली. पण रीत तीच होती. आधी गावातली, रोजची काळजी, मग दवाखान्याची खाट. सेवाग्रामच्या दवाखान्यानं कुटुंबांसाठी जो विमा चालवला, त्यातही ओपीडीच्या बिलात सवलत ठेवली. कारण खेड्यातला माणूस दहा वेळा ओपीडीत जातो, तेव्हा एखाद्या वेळी दाखल होतो.

देशात मात्र विम्याची दुसरी वाट पडली. १९४८ साली कामगार राज्य विम्याचा कायदा झाला. त्यात कारखान्यातल्या कामगाराला आणि त्याच्या घरच्यांना ओपीडीसकट उपचार मिळतात. १९५४ पासून केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी योजना आली, तिच्यातही ओपीडी आहे. म्हणजे ज्याला महिन्याचा पगार, त्याला रोजच्या आजाराचंही संरक्षण. शेतकरी आणि मजूर यात कुठंच नव्हते.

१९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणलं. पैसे भरणाऱ्या कुणालाही ते घेता येत होतं. पण त्याचा पाया खाटेवर होता. रुग्ण दवाखान्यात दाखल झाला, साधारण एक दिवस-रात्र राहिला, तर बिल मिळणार. २००८ साली गरीब कुटुंबांसाठी राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली, तीस हजारांची. तीही खाटेची. आपल्या राज्यात २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये वर्ध्यासकट सगळ्या राज्यात आली. दीड लाखापर्यंत खर्च आणि ९७२ उपचार. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणतात. २३ सप्टेंबर २०१८ ला देशात आयुष्मान भारत आली, पुढे आपल्या राज्यात दोन्ही जोडल्या गेल्या. २०२३ साली राज्य सरकारनं रेशनकार्ड असलेल्या सगळ्याच कुटुंबांना पाच लाखांपर्यंत संरक्षण द्यायचं ठरवलं.

या योजना वाईट आहेत असं आम्ही मुळीच म्हणत नाही. आमच्याच गटातल्या एका काकूंच्या मालकाचं हृदयाचं ऑपरेशन या कार्डावर झालं. नाहीतर दोन एकर वावर विकावं लागलं असतं. शेत विकायला लावणारा खर्च अडवायचा, यासाठीच ही कार्डं बनली. पण दुसरा एक खर्च असतो. तो एकदम वावर विकायला लावत नाही, दर महिन्याला थोडा थोडा घर पोखरतो. आमच्या ताईंच्या लेकराचा खर्च तसला आहे.

आता या त्रासाचाही इतिहास थोडा सांगतो, कारण 'आईनं लाडावलं' या बोलण्याला उत्तर त्यातच आहे. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी डॉक्टरांसमोर व्याख्यानं दिली. काही मुलं हुशार असूनही त्यांना स्वतःला आवरता येत नाही, लक्ष टिकवता येत नाही, असं त्यांनी मांडलं. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांना दिसलं, की एका औषधानं अशी काही मुलं शांत बसून अभ्यास करू लागतात. १९८० साली तिथल्या मानसोपचार तज्ज्ञांच्या पुस्तकात या त्रासाला लक्ष कमी असण्याचं नाव मिळालं, १९८७ साली एडीएचडी. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही तो आहे. म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ डॉक्टर हे ओळखतात. हा आईचा दोष नाही, मोबाईलनं झालेला नाही, आणि मारून जात नाही.

त्याचा उपचार काय? आईवडिलांनी शिकायचं, की सूचना एका वेळी एकच द्यायची, छोटी द्यायची, आणि जमलं की लगेच शाबासकी द्यायची. गुरुजींनी मुलाला पुढच्या बाकावर बसवायचं, काम तुकड्यातुकड्यांत द्यायचं, मधे उठू द्यायचं. लहान वयात आधी हेच. मोठ्या मुलांना गरज असेल तर डॉक्टर औषध देतात आणि वजन, भूक, झोप पाहत राहतात. ते औषध स्वतःच्या मनानं सुरू करायचं नाही, बंदही करायचं नाही.

यात खाट कुठंच नाही. आहे ती वारंवारची ओपीडी, बसचं तिकीट, मजुरीचा खाडा, आणि लागलं तर दर महिन्याचं औषध. म्हणून पाच लाखांच्या कार्डाला ताईंच्या लेकराच्या कामी येता आलं नाही.

खाजगी विम्याचीही गोष्ट सांगायला हवी, कारण आता गावात एजंट येतात. कितीतरी वर्षं विमा कंपन्या मानसिक आजाराचा खर्च सरळ नाकारत होत्या. पॉलिसीतच तसं लिहिलेलं असायचं. २०१७ साली मानसिक आरोग्य सेवा कायदा झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याचं एकविसावं कलम सांगतं, की शरीराच्या आजाराला जसा विमा, तसाच मनाच्या आजारालाही दिला पाहिजे. ऑगस्ट २०१८ मध्ये विमा नियामकानं कंपन्यांना तसं कळवलं. तरी खर्च नाकारणं चालूच राहिलं. दिल्लीत एका बाईंनी मानसिक आजारासाठी दवाखान्यात राहिल्यावर विमा मागितला, कंपनीनं दिला नाही, त्या उच्च न्यायालयात गेल्या आणि एप्रिल २०२१ मध्ये जिंकल्या. त्यानंतर २०२२ साली नियामकानं कंपन्यांना पुन्हा बजावलं, की ३१ ऑक्टोबरपर्यंत सगळ्या पॉलिसी कायद्याप्रमाणे करा.

हा हक्क मोठा आहे. पण 'तसाच विमा' म्हणजे काय, ते समजून घ्या. शरीराच्या आजाराला पॉलिसी फक्त खाटेचा खर्च देत असेल, तर मनाच्या आजारालाही ती खाटेचाच देईल. ओपीडीचा खर्च हवा असेल, तर पॉलिसीत ओपीडी वेगळी लिहिलेली हवी. म्हणून एजंट आला तर तीन प्रश्न विचारा. एक, ओपीडी आहे का, आणि वर्षाला किती रुपयांपर्यंत? दोन, आधीपासून असलेल्या आजारासाठी किती महिने थांबावं लागेल? तीन, मुलांच्या वाढीचे आणि वागणुकीचे त्रास यात धरले आहेत की वगळले आहेत? उत्तर तोंडी घेऊ नका. कागदावर बोट ठेवून दाखवायला सांगा. मुलाचा त्रास अर्जात लपवू नका, त्यानं पुढं खर्च नाकारायला कारण मिळतं. नाकारलंच तर लेखी कारण मागा, आधी कंपनीकडे तक्रार करा, नाही ऐकलं तर नियामकाच्या १५५२५५ या क्रमांकावर सांगा.

मग ज्याच्याकडे हे काहीच नाही, त्यानं काय करायचं? इथं आम्हाला एक गोष्ट सापडली, आणि वाईट वाटलं की ती आम्हाला आधी माहीत नव्हती. ६ फेब्रुवारी २०१३ ला आपल्याच राज्यात, पालघरला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी, अनुदानित शाळेत वर्षातून एकदा येतं. आपल्याला वाटतं ते दात, डोळे आणि वजन पाहायला येतात. पण त्यांच्या तीस आजारांच्या यादीत एडीएचडीचं नाव आहे. शिकण्याची अडचण आहे, स्वमग्नता आहे. पथकानं नोंद करून पुढं पाठवलं, तर जिल्हा पातळीवरची तपासणी आणि उपचार मोफत आहेत. यासाठी दाखल व्हावं लागत नाही. पण गर्दीत पथकाला चंचल मूल कसं दिसणार? आईनं किंवा गुरुजींनी सांगितलं तरच दिसेल.

आणखी काही वाटा आहेत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा एकाहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांसाठी 'निरामय' विमा आहे. तो वर्षाला एक लाखापर्यंत, ओपीडी आणि थेरपीसकट खर्च देतो. फक्त एडीएचडी असेल तर तो मिळत नाही, पण काही मुलांना दोन्ही त्रास असतात, म्हणून डॉक्टरांना जरूर विचारा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या एकवीस प्रकारांत एडीएचडी नाही, पण अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन-लेखनाची खास अडचण, आहे. मालक कारखान्यात असतील आणि पगारातून कामगार विमा कापला जात असेल, तर मुलाची ओपीडी त्यात बसते. आणि मन थकलं, कुणाशी बोलावंसं वाटलं, तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

आता आमच्या त्या ताईंचं काय झालं? पुढच्या बैठकीला आम्ही हे सगळं घेऊन गेलो आणि आधी चूक कबूल केली. गटानं थकलेल्या हप्त्यांवरचा दंड माफ केला, परतफेडीची मुदत वाढवून दिली. ग्रामसंघाच्या जोखीम प्रवणता निधीतून थोडी मदत ठरली. शाळेच्या गुरुजींना भेटलो. पथक आलं तेव्हा मुलाचं नाव आधीच लिहून ठेवलं होतं. आता त्याची तपासणी आणि औषध मोफत होतं. महिन्याची वारी मात्र चुकत नाही. एसटीला अर्धं तिकीट असलं तरी मजुरीचा खाडा पडतोच, तो कुठलीच योजना भरून देत नाही.

तेवढ्यासाठी आमच्या ग्रामसंघात एक ठराव झाला. दर सदस्यानं महिन्याला दहा रुपये वेगळे काढायचे. वापरायचे फक्त ओपीडीच्या वाऱ्यांसाठी. कुणाच्या लेकरासाठी, कुणाच्या बीपी-शुगरसाठी, कुणाच्या सासूच्या फिटांसाठी. एका म्हाताऱ्या आजीनं हे ऐकलं आणि म्हणाली, "अवं, हे तर आमच्या ज्वारीवाणीच झालं." त्यांच्या माहेरी हंगामाला ज्वारी मोजून दिल्याचं त्यांना आठवत होतं.

पैसा छोटा आहे. त्यात ऑपरेशन होणार नाही, त्याला कार्ड आहे. पण कार्ड जिथं पोचत नाही, तिथं आपण आधी एकदा पोचलो होतो, याच जिल्ह्यात, ज्वारी मोजून.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीच्या अजेंड्यावर दोन गोष्टी लिहा. एक, आपल्या गटात कुणाचं लेकरू असं आहे का, जे सगळ्यांच्या शिव्या खातं आणि ज्याची आई गप्प बसते? त्यांना आधी बोलू द्या. दोन, शाळेत आणि अंगणवाडीत आरोग्य पथक कोणत्या तारखेला येणार आहे? ती तारीख मुख्याध्यापकांकडून आणि अंगणवाडी ताईंकडून विचारून वहीत लिहून ठेवा. आणि तुमच्या घरात, माहेरी, ज्वारीच्या विम्याची आठवण असलेल्या कुणी आजी असतील, तर त्यांना बैठकीत बोलवा. त्यांचं ऐका.